आघात आणि दिशा : इक्वलायझरच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा इतिहास लिहिताना इक्वलायझर आणि पॅन-पॉट ही दोन साधने दोन निरनिराळ्या प्रकरणांत घालण्याचा प्रघात आहे. पहिले साधन ध्वनीचा वर्ण बदलते. त्यातील खर्ज वाढवते किंवा तीव्र अंश कमी करते. दुसरे साधन ध्वनीला डाव्या-उजव्या बाजूंच्या दरम्यान कोठेतरी बसवते. एकाचा संबंध कंप्रतेशी, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येशी, दुसऱ्याचा दिशेशी. ही विभागणी सोयीची आहे आणि १९९० पर्यंतच्या यंत्रांपुरती ती बरीचशी खरीही आहे. पण २०२१ मध्ये अमेरिकेतील ईव्हेन्टाइड या कंपनीने स्प्लिटईक्यू नावाचे प्लगइन, म्हणजे संगणकावरील मुद्रणप्रणालीला जोडावयाचे एक लहान साधन, प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक कंप्रतापट्ट्यापुरता ध्वनी दोन अंशांत फोडला जातो आणि त्या दोन्ही अंशांची पातळी व दिशा स्वतंत्रपणे ठरवता येते. पहिला अंश नादाच्या आरंभीचा, क्षणात उमटून विरणारा; इंग्रजीत ज्याला ट्रान्झियंट म्हणतात आणि प्रस्तुत निबंधात ज्याला आघातांश म्हटले आहे तो. दुसरा अंश मागे टिकून राहणारा स्वरांश. एकाच पट्टीवर वर्ण, काल आणि दिशा या तिन्ही गोष्टी आलेल्या पाहून दोन प्रकरणांची जुनी मांडणी पुन्हा तपासणे प्राप्त होते.

तपासणीला आरंभ केला की प्रथम एक गोष्ट ध्यानात येते. आघातांशाचा प्रश्न नवीन नाही. इक्वलायझरच्या जन्माच्याही आधी तो विचारला गेला होता, आणि पुढे बराच काळ बाजूला ठेवला गेला.

इक्वलायझर हे नाव दूरध्वनीच्या तारांवरून आलेले आहे. लांब तारेतून जाताना उच्च कंप्रतेचे प्रवाह नीच कंप्रतेच्या प्रवाहांपेक्षा अधिक क्षीण होतात. हा ऱ्हास सर्व कंप्रतांना सारखा करणारे जाळे तारेच्या टोकाला बसवावयाचे, म्हणून ते समान करणारे साधन. अशा जाळ्यांची शास्त्रशुद्ध मांडणी बेल कंपनीच्या परिवारातील ऑटो झोबेल यांनी १९२८ मध्ये केली. परंतु त्याच झोबेल यांनी जॉन कार्सन यांच्यासह पाच वर्षे आधी, १९२३ मध्ये, एक वेगळा निबंध लिहिला होता. त्याचा विषय होता विद्युत्‌ फिल्टरमध्ये उठणारी क्षणिक आंदोलने. फिल्टरमध्ये एखादा प्रवाह एकाएकी सोडला तर तो लगेच आपल्या अंतिम स्थितीला पोहोचत नाही. मध्यंतरी काही काळ तो डोलत राहतो. पुढील वर्षी जर्मनीत कार्ल क्युप्फमुलर यांनी या डोलण्याचा नियम सांगितला : फिल्टर जितका अरुंद पट्टा सोडतो, तितका त्यातील ध्वनीला उभा राहण्यास अधिक वेळ लागतो. १९४५ मध्ये हेन्ड्रिक बोड यांच्या ग्रंथाने आणखी एक बंधन स्पष्ट केले. साध्या जातीच्या जाळ्यात कोणत्या कंप्रतेला किती वाढवले हे ठरले, की कोणत्या कंप्रतेची कला किती सरकेल हेही ठरून जाते. दुसरी गोष्ट निवडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. १९४६ मध्ये डेनिस गेबर यांनी काल आणि कंप्रता या दोहोंतील अनिश्चिततेला सामान्य गणिती रूप दिले.

या चारही कामांचा मथितार्थ एकच निघतो. वर्ण बदलला की आघात बदलतो. याचे प्रमाणही सहज काढता येते. अनुनादी जाळ्याची तीक्ष्णता दाखवणारा क्यू हा अंक १० असेल आणि जाळे १०० हर्ट्झवर लावले असेल, तर त्यातील आंदोलन मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास ३२ मिलिसेकंद लागतात. तेच जाळे ५,००० हर्ट्झवर लावले तर ०.६४ मिलिसेकंद पुरतात. म्हणजे तीव्र पट्ट्यात केलेली दुरुस्ती आघाताच्या पोटातच सामावते. खर्जात केलेली मात्र त्याच्यामागे शेपटीसारखी लोंबते. मृदंगाच्या किंवा पाश्चात्त्य ड्रमच्या खर्जाला अरुंद उठाव दिला असता थाप सैल का वाटते, याचे कारण इतके सरळ आहे.

दूरध्वनीच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. तरीही इक्वलायझरची गुणवत्ता मोजताना त्यांनी, आणि त्यांच्यामागून चित्रपट, नभोवाणी व तबकड्यांच्या क्षेत्रांतील मंडळींनी, सतत चालणाऱ्या सुरावरची आलेख-रेषा हेच प्रमाण मानले. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. तो सूर निर्माण करणे सोपे होते, मोजणे सोपे होते, आणि बोलणे समजावे एवढीच तारेकडून अपेक्षा होती. पण या सोयीमुळे ध्वनीच्या पहिल्या काही मिलिसेकंदांना साधनांच्या भाषेत नावच राहिले नाही.

दिशेच्या प्रकरणातही जवळजवळ हीच कथा घडली. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये दाखवले, की नीच कंप्रतेच्या नादाची दिशा कान दोन कानांतील कलेच्या फरकावरून ओळखतो, आणि उच्च कंप्रतेच्या नादाची दिशा तीव्रतेच्या फरकावरून. इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी ज्या पेटंटासाठी अर्ज केला, त्याचा पाया हाच होता. त्यांची मार्मिक सूचना अशी : दोन ध्वनिक्षेपकांतून एकच ध्वनी केवळ कमी-अधिक पातळीने सोडला, तरी प्रत्येक कानाला दोन्ही क्षेपक ऐकू येत असल्यामुळे, खर्जाच्या पट्ट्यात पातळीचा फरक कानांपाशी कलेच्या फरकात रूपांतरित होतो. म्हणून दिशा दाखवण्यासाठी विलंब घडवण्याची गरज नाही, पातळी पुरते. पुढचे सारे पॅनिंग या एका वाक्यावर उभे आहे असे म्हटले तरी चालेल. मात्र ही उपपत्ती टिकून राहणाऱ्या नादाची आहे. नाद आताच सुरू झाला असता कान काय करतो, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

२७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळांनी फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र मार्गांनी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवले. फिलाडेल्फियात वृंदाचे संचालन अलेक्झांडर स्मॉलेन्स करीत होते. वृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या बटणांपाशी बसले होते. सात वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये डिस्ने यांचा ‘फॅन्टेशिया’ हा बोलपट दाखवला गेला. त्याचे संगीत-संचालकही स्टोकोव्स्कीच, आणि त्यासाठी बनवलेल्या फॅन्टासाउंड या पद्धतीत पॅन-पॉट हे नाव व ते साधन अवतरले. विल्यम गॅरिटी आणि जॉन हॉकिन्स यांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले : एका मार्गातील ध्वनी उतरत असता दुसऱ्यातील चढावा, आणि पडद्यावर आवाज सरकत असल्याचा भास व्हावा. येथे सरकतो तो संपूर्ण ध्वनी. त्याचे डोके आणि धड एकत्रच जातात.

कानाविषयी मात्र नवे ज्ञान लवकरच पुढे आले. १९४८ मध्ये लोथर क्रेमर यांनी पहिल्या तरंगमुखाचा नियम सांगितला. १९४९ मध्ये अमेरिकेत वॉलाख, न्यूमन व रोझेन्झ्वाइग यांनी आणि गटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी स्वतंत्रपणे त्याच घटनेचा अभ्यास केला. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर कान जो आधी आला त्याचीच दिशा खरी मानतो. टिचकीसारख्या आवाजांत हे एकीकरण सुमारे ५ मिलिसेकंदांपर्यंत टिकते. बोलणे व संगीत यांत ते ४० मिलिसेकंदांच्या आसपास जाते. हास यांना तर असे आढळले, की मागाहून येणारा ध्वनी मूळच्यापेक्षा १० डेसिबेलपर्यंत मोठा असला, तरी काही मर्यादेत तो वेगळा म्हणून जाणवत नाही.

यापुढचे पाऊल नेदरलँड्समधील निको फ्रान्सेन यांनी १९६० मध्ये डेल्फ्टच्या प्रबंधात टाकले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यांच्या प्रयोगात डाव्या क्षेपकातून एक शुद्ध सूर एकाएकी सुरू होतो आणि लगेच विरू लागतो. त्याच वेळी उजव्या क्षेपकातून तोच सूर हळूहळू वर येतो, अशा बेताने की एकूण ध्वनी स्थिर राहावा. थोड्याच वेळात डावा क्षेपक पूर्ण मुका होतो. श्रोत्याला मात्र सूर डावीकडूनच येत असल्याचे जाणवत राहते. आरंभाने दिलेला पत्ता कान सोडत नाही. १९८९ मध्ये हार्टमन व रॅकर्ड यांनी या भ्रमाची एक अट उघड केली : प्रतिध्वनीरहित खोलीत तो मोडतो. साध्या खोलीत टिकून राहणाऱ्या सुराची दिशा भिंतींवरील परावर्तनांमुळे अविश्वसनीय होते, आणि म्हणून कान आरंभाच्या साक्षीवर विसंबतो.

आघातांश निराळ्या दिशेला नेणे ही केवळ शोभेची युक्ती नव्हे, हे यावरून दिसते. ज्याला स्वरांशाची दिशा बदलावयाची आहे त्याला फार थोडे मिळेल, आणि ज्याला आघाताची दिशा बदलावयाची आहे तो सबंध वाद्यच उचलून दुसरीकडे ठेवील. पॅन-पॉटच्या रचनेत ही विषमता कोठेही उतरलेली नाही.

वर्ण आणि दिशा यांची पहिली सांगड या सुमारास घातली गेली, पण वेगळ्याच गरजेतून. एकमार्गी मुद्रणाला द्विमार्गी भासवावयाचे होते. डॅनिश नभोवाणीतील होल्गर लाउरिडसेन यांनी १९५४ मध्ये सुचवलेली जोडणी अत्यंत साधी होती : मूळ ध्वनीत त्याचीच विलंबित प्रत एका मार्गात मिळवावी, दुसऱ्यात वजा करावी. परिणामी दोन्ही मार्गांचे कंप्रता-आलेख फणीच्या दातांसारखे होतात. एकाच्या दाताशी दुसऱ्याची फट येते, आणि एकाआड एक अरुंद पट्टे डावी-उजवीकडे वाटले जातात. मानफ्रेड श्रोडर यांनी १९५८ मध्ये या परिणामाची अधिक चिकित्सा केली. या जोडणीची कीर्ती कंप्रतेनुसार पॅनिंग म्हणून आहे. परंतु तिच्याकडे कालाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. विलंबित प्रत येईपर्यंत दोन्ही मार्गांत फक्त मूळ ध्वनीच असतो, तोही समान. म्हणजे आघात मध्यभागी उमटतो आणि त्यामागचा स्वर दोन्ही बाजूंना पसरतो. कोणी योजलेले नसताना आघातांश आणि स्वरांश यांना येथे वेगवेगळ्या जागा मिळाल्या होत्या.

अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने १९६१ पासून ड्युओफोनिक या नावाने जुन्या एकमार्गी मुद्रणांच्या ज्या द्विमार्गी तबकड्या काढल्या, त्यांची पद्धत याहून ओबडधोबड होती. एका मार्गात खर्ज कमी करावयाचा, दुसऱ्यात तीव्र अंश कमी करावयाचा, आणि दोहोंमध्ये किंचित विलंब ठेवावयाचा. येथे इक्वलायझरच पॅन-पॉटचे काम करतो. पण कोणत्याही तालवाद्याचा आघात तीव्र पट्ट्यात आणि त्याचे गुरुत्व खर्जात असल्यामुळे एकच ठोका दोन ठिकाणी फाटतो; शिवाय दोन्ही मार्ग पुन्हा एकत्र केले की विलंबामुळे काही कंप्रता परस्परांना खोडतात. रसिकांत या तबकड्यांना फारसा मान उरला नाही, तो योग्यच होय.

मुद्रणगृहांतील इक्वलायझर मात्र आपल्या सरळ मार्गाने पुढे गेला. १९५१ चे पल्टेक ईक्यूपी-१, १९५२ मध्ये पीटर बॅक्सन्डॉल यांनी प्रसिद्ध केलेले प्रतिपोषी स्वर-नियंत्रण, आणि १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ध्वनि-अभियंत्यांच्या लॉस एंजेलिस येथील अधिवेशनात मांडलेली पॅरामेट्रिक रचना हे त्यातील ठळक टप्पे सर्वपरिचित आहेत. मॅसेनबर्ग यांच्या रचनेत तीन राशी परस्परांपासून स्वतंत्र झाल्या : कोणती कंप्रता, किती चढ-उतार, किती रुंद पट्टा. आजही बहुतेक प्लगइनच्या पडद्यावर याच तीन राशी दिसतात. त्यांत काल नाही.

काल आला तो निराळ्या दारातून. १९९८ मध्ये एसपीएल या जर्मन कंपनीने ट्रान्झियंट डिझायनर नावाचे यंत्र आणले. त्याच्या प्रत्येक मार्गाला दोनच बटणे होती : एक आघातासाठी, १५ डेसिबेल खाली-वर, दुसरे टिकावासाठी, २४ डेसिबेल खाली-वर. ध्वनीच्या पातळीचा माग काढणारे दोन रेखक, एक चपळ व एक संथ, यांच्यातील फरक घेतला की आघात कोठे आहे हे कळते, आणि पातळीची कोणतीही उंबरठ्याची रेषा ठरवावी लागत नाही. हलकी थाप आणि जोरकस थाप यांना सारखीच वागणूक मिळते. कल्पना सुरेख होती, पण तिला कंप्रतेचे भान नव्हते. संपूर्ण ध्वनी एकदम उचलला जाई. ड्रमच्या जोडीला त्याच मार्गात झांज असली, तर तिचाही आघात वाढे.

दरम्यान इक्वलायझर संगणकात शिरला होता. इस्रायलमधील वेव्हज्‌ कंपनीचे क्यू-१० हे १९९२ मधले प्लगइन या मालिकेच्या आरंभी उभे आहे. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही जोडणीची पद्धत खुली केल्यावर अशा साधनांचा सुळसुळाट झाला. संगणकामुळे बोड यांचे बंधन प्रथमच टाळता आले. पुढचे नमुने थोडे थांबवून ठेवले, तर कला मुळीच न सरकवता वर्ण बदलता येतो. अशा रेखीय-कला इक्वलायझरची मोठी स्तुती झाली; परंतु झोबेल आणि क्युप्फमुलर यांचा हिशेब त्यालाही चुकलेला नाही. आंदोलन नाहीसे होत नाही. ते आघाताच्या दोन्ही बाजूंना समसमान वाटले जाते. अर्धे मागाहून येते, अर्धे आधी. मागाहून येणाऱ्या आंदोलनाला मोठा आवाज शंभरापेक्षा अधिक मिलिसेकंद झाकून ठेवू शकतो. आधी येणाऱ्याला झाकण्याची शक्ती त्याच्या एका लहानशा अंशाइतकीच असते. म्हणून खर्जात अरुंद दुरुस्ती केली असता थापेच्या आधी एक फुगवटा ऐकू येतो, आणि जो इक्वलायझर आघाताला धक्का लावत नाही म्हणून घेतला तोच त्याची धार बोथट करतो. आघातप्रधान ध्वनीवर जुन्या, किमान-कला जातीचे साधन पुष्कळदा अधिक बरे, हे मत येथे निःसंकोच मांडावयास हरकत नाही.

आघात आणि स्वर यांना खरोखर फोडण्याची वाट ध्वनीच्या चित्रातून निघाली. ध्वनीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचे कंप्रता-विश्लेषण केले आणि ते शेजारी शेजारी मांडले, तर टिकणारा स्वर आडव्या रेषेसारखा आणि आघात उभ्या रेषेसारखा दिसतो. झेवियर सेरा व ज्युलियस स्मिथ यांनी १९९० मध्ये स्वर आणि उरलेला कल्लोळ यांची फोड करून दाखवली होती. नोबुताका ओनो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आडव्या-उभ्या रेषांच्या तत्त्वावर पृथक्करण केले, आणि डेरी फिट्झगेराल्ड यांनी २०१० मध्ये तेच अधिक सोप्या रीतीने साधले : चित्रातील प्रत्येक बिंदूभोवती आडवी मध्यका आणि उभी मध्यका काढावी, आणि जी मोठी तिच्या पदरात तो बिंदू टाकावा किंवा दोघांत प्रमाणाने वाटावा.

रीत जितकी सोपी तितकी तिच्यातील पूर्वग्रह स्पष्ट आहे. तुकडा किती लांबीचा घ्यावयाचा, यावर आघात म्हणजे काय हे ठरते. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेणाऱ्या मुद्रणात ४,०९६ नमुन्यांचा तुकडा सुमारे ९३ मिलिसेकंदांचा होतो आणि त्यात कंप्रतेची घरे सुमारे १०.८ हर्ट्झच्या अंतराने पडतात. २४० हर्ट्झचा षड्ज आणि २७० हर्ट्झचा ऋषभ त्यात वेगळे दिसू शकतात, पण त्या ९३ मिलिसेकंदांत थाप नेमकी कोठे पडली हे धूसर होते. २५६ नमुन्यांचा तुकडा ५.८ मिलिसेकंदांचा, त्यात थापेची जागा नेमकी कळते, पण घरे १७२ हर्ट्झची होतात आणि षड्ज-ऋषभ एका घरात कोंबले जातात. गेबर यांनी १९४६ मध्ये सांगितलेली अट येथे प्लगइनच्या पोटात बसलेली आहे.

भारतीय संगीताचा विचार केला म्हणजे या पूर्वग्रहाचा काच अधिक जाणवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० पासून दाखवून दिले आहे, की तबला-मृदंगांच्या पुडीवरील शाईमुळे तिची उपकंपने स्वरबद्ध होतात, आणि म्हणूनच ही वाद्ये पाश्चात्त्य ड्रमप्रमाणे नुसती आपटत नाहीत, तर गातात. ‘ना’ या बोलात आघात आणि स्वर दोन्ही आहेत आणि पृथक्करण बऱ्यापैकी जमावे. ‘ते’, ‘टे’ यांत स्वर जवळजवळ नाही, तेथे फोडण्यासारखे काही नाही. पण बायाँवर मनगटाच्या दाबाने ‘घे’ला जी मींड येते तिचे काय? चित्रात ती तिरपी रेषा उमटवते. आडवीही नाही, उभीही नाही. तुकडा लांब घेतला तर तिचा काही भाग आघातात पडेल, आखूड घेतला तर स्वरात. गायकाच्या गमकेची स्थिती हीच. ड्रीडगर, म्युलर व डिश यांनी २०१४ मध्ये आघात व स्वर यांखेरीज तिसरा, दोहोंत न बसणारा शेषांश मान्य केला, तो अशा प्रकारच्या अडचणींतून.

या पार्श्वभूमीवर आज वापरात असलेल्या तीन प्लगइनची तुलना अर्थपूर्ण होते. फॅबफिल्टर या डच कंपनीच्या प्रो-क्यू मालिकेने २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत पट्ट्यांना गतिमान केले : पट्ट्यातील पातळी वाढली की चढ-उतार आपोआप बदलतो. प्रत्येक पट्टा फक्त डाव्या, फक्त उजव्या, किंवा मध्य व पार्श्व या मार्गांपुरता लावता येतो. परंतु हे साधन आघात ओळखत नाही. ते पातळी ओळखते. जोरकस स्वर आणि जोरकस थाप यांत त्याला भेद नाही. २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत प्रतिसादाचा वेग वापरणाऱ्याच्या हाती आला. त्यामुळे आघाताच्या जवळ जाता येते, आघातापर्यंत नव्हे. उलट फिनलंडमधील ऊकसाउंड कंपनीचे स्पिफ हे २०१८ चे प्लगइन फक्त आघातच पाहते. कोणत्या कंप्रतांच्या आघातांकडे अधिक लक्ष द्यावे याची वक्ररेषा वापरणाऱ्याने काढावयाची, आणि त्यांना कापावयाचे की उठाव द्यावयाचा हे ठरवावयाचे. ट्रान्झियंट डिझायनरला जे कंप्रतेचे भान नव्हते ते येथे पूर्ण आले आहे. गिटारच्या तारेवरील नखाची टिचकी किंवा गायकाच्या ओठांचा चटका काढण्यास तिघांत हेच सरस ठरते, कारण ते स्वरांशाला हातच लावत नाही. पण आघाताला स्वतंत्र जागा देण्याची सोय त्यात अभिप्रेत नाही.

स्प्लिटईक्यूमध्ये आठ पट्टे आहेत आणि प्रत्येकात आघातांश व स्वरांश यांची पातळी आणि दिशा वेगवेगळी. लाउरिडसेन यांच्या जोडणीत जे नकळत झाले होते, ते येथे हेतुपूर्वक आणि पट्ट्यापट्ट्याने करता येते. सूक्ष्म दुरुस्तीच्या कामी ते स्पिफपेक्षा स्थूल वाटते. पसारा रचण्याच्या कामी त्याला या दोघांत तोड नाही. मात्र त्याच्या पडद्यावर आघात आणि स्वर दोन रंगांत वेगळे दाखवलेले पाहून ते मूळ ध्वनीतच वेगळे होते असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि तो समज चुकीचा आहे. ती फोड हा एक निर्णय आहे. तुकड्याच्या लांबीने आणि वाटपाच्या नियमाने केलेला.

जुन्या एकमार्गी मुद्रणांवर अशी साधने चालवली जाऊ लागली, की हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा होतो. एका ध्वनिग्राहकासमोर गायक, सारंगी आणि तबला बसवून घेतलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत बैठकीची डावी-उजवी मांडणी मुळात नोंदलेलीच नसते. आघातांश उजवीकडे नेला की तबलजी उजवीकडे बसलेला ऐकू येईल, आणि फ्रान्सेन यांच्या प्रयोगाप्रमाणे बायाँची आस मध्यभागी ठेवली तरी श्रोत्याला तीही उजवीकडूनच आल्यासारखी वाटण्याचा संभव आहे. तीच तबकडी कर्णसंचातून ऐकली, जेथे खोलीचे परावर्तन नाही, तर थाप एका बाजूस आणि आस दुसऱ्या ठिकाणी अशी फाटलेली जाणवू शकेल. १९६१ च्या ड्युओफोनिक तबकड्यांपेक्षा हे काम पुष्कळ सफाईचे आहे यात शंका नाही. विलंब नसल्यामुळे मार्ग एकत्र करताना कंप्रता खोडल्या जात नाहीत. तथापि मूळ तबकडी त्यातून जशीच्या तशी परत मिळेल असेही नाही. दोन अंशांचे वाटप परस्परपूरक असले, पण पॅनिंग स्थिर शक्तीच्या नियमाने केले असले, तर एका टोकाला नेलेला आघात मध्यभागी ठेवलेल्या स्वराच्या तुलनेत बेरजेत ३ डेसिबेलने उतरतो. लाउरिडसेन यांच्या १९५४ च्या जोडणीत डावा आणि उजवा मार्ग मिळवला की विलंबित प्रत स्वतःलाच खोडते, आणि मूळ एकमार्गी ध्वनी कोणत्याही फरकाशिवाय परत हाती येतो.